बाबांच्या बुलेटचा मागचा भाग

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा बडोद्यात जे कोणी होते त्यांना काही सांगायला नको. धोक्याची पातळी २६ फूट, आणि पाणी ३५ च्या वर गेलं होतं. आम्ही समाला राहतो, आमच्या पार्किंगमध्ये दोन दिवस पाणी होतं. बाबांची बुलेट मी घाईघाईत ओट्याच्या रॅम्पवर चढवायला गेलो, पुढचं चाक चढलं, मागचं चढेना, आई वरून ओरडत होती की ते राहू दे आणि तू वर ये, म्हणून तशीच तिरकी सोडून वर गेलो. त्यामुळे झालं असं की पुढचा भाग बऱ्यापैकी वाचला, इंजिनात थोडं पाणी गेलं ते ऑइल दोनतीनदा बदलून निभावलं, पण मागचा सगळा भाग दोन दिवस गाळात बसला. मागचं चाक, ड्रम, चेन, चिमटा (मागचं चाक धरणारे दोन दांडे, स्विंगआर्म), दोन्ही शॉकअप, दोन्ही साइड बॉक्स, मडगार्ड, सगळं. पाणी उतरल्यावर बॉक्स उघडला तर आत टूलकिटच्या जागी नुसता चिखल, आणि त्या चिखलात बाबांचा १९८४ पासूनचा प्लग पाना.

गाडी १९८४ ची आहे. ३५० सीसी, कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. टाकीवर नुसतं एनफील्ड लिहिलेलं, कारण तेव्हा कंपनीचं नाव एनफील्ड इंडिया होतं. बाबा ह्याच गाडीवर मकरपुऱ्याला कंपनीत जायचे, रोज, निवृत्त होईपर्यंत. आता त्यांचे गुडघे किक मारू देत नाहीत म्हणून गाडी माझ्याकडे आली.

तर मडगार्ड. वरून पेंट होता, आतून पत्रा पापडासारखा झाला होता, बोट दाबलं की भोक. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की नाहीतरी मागचं सगळं बदलायचंच आहे तर मग कॅफे रेसर, म्हणजे जुन्या रेसच्या गाडीसारखी, का नको. मला कॉलेजपासून ती टेल आवडते. छोटी सिंगल सीट, मागे गोल कुबड, खाली काहीच नाही, चाक पूर्ण उघडं. फोटो तर शेकडो सेव्ह करून ठेवले होते. मी गाडीचा मागचा भाग उघडा केला, फ्रेमच्या मागच्या दोन पाइपांवर, जिथे कापायचं तिथे पांढऱ्या मार्करने रेघ मारली, आणि गाडी टेम्पोत घालून फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रीकाकांकडे घेऊन गेलो.

काकांनी रेघ बघितली. ग्राइंडर हातात घेतला नाही. गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले, जिथे साडी गार्ड आहे तिथे, आणि मला म्हणाले, "भाई, आ कापी नाखशो तो बेन क्यां बेसशे?"

म्हणजे हे कापून टाकलंत तर बेन कुठे बसणार. बेन म्हणजे माझी आई. काका बाबांना चाळीस वर्षं ओळखतात, आईला ह्या गाडीवरून उतरताना त्यांनी कितीदा बघितलंय.

मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं, की आई आता कुठे बसते गाडीवर, रिक्षाने जाते वगैरे. काका म्हणाले बरं, आठ दिवस विचार करा, मग कापू. गाडी तिथेच ठेवली. आणि त्या आठ दिवसांत मी ह्या गाडीच्या मागच्या भागाबद्दल जेवढं वाचलं तेवढं आधीच्या वीस वर्षांत वाचलं नव्हतं, आणि त्यातून जे कळलं ते मला आजही सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

बुलेट म्हटलं की लोक इंजिनाबद्दल बोलतात. आवाज, थंप, ७० बाय ९० चा लाँग स्ट्रोक. पण ही गाडी जेव्हा १९४८ साली इंग्लंडमध्ये लोकांसमोर आली ना, तेव्हा नवल होतं ते तिच्या मागच्या भागाचं. त्या काळात बऱ्याच मोटरसायकलींना मागे सस्पेन्शनच नसायचं, मागचं चाक सरळ फ्रेमला घट्ट, जो काही दणका तो सीटच्या स्प्रिंगने खायचा. काहींना प्लंजर होता, म्हणजे ॲक्सल दोन छोट्या स्प्रिंगांमध्ये थोडासा वरखाली. बुलेटने काय केलं, मागे चिमटा बसवला, तो पुढच्या टोकाला फ्रेममध्ये फिरणारा, आणि मागच्या टोकाला दोन्हीकडे तेलाचे शॉकअप. आज प्रत्येक गाडीला असतो म्हणून आपल्याला त्यात काही वाटत नाही. त्याच वर्षी इटलीत सॅन रेमोला झालेल्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमध्ये ब्रिटिश संघात दोन बुलेट होत्या आणि दोन्ही चालकांना सुवर्णपदक मिळालं. सहा दिवस दगडाधोंड्यातून गाडी चालवायची अशी ती स्पर्धा. मग पुढे आपल्या लष्कराने ही गाडी घेतली, १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया सुरू झाली, आणि हा मागचा भाग थोड्याफार फरकाने तसाच आपल्या रस्त्यांवर फिरत राहिला.

म्हणजे मी जिथे पांढरी रेघ मारली होती तिथूनच ही गाडी वेगळी होती. हे कळल्यावर माझा हात थांबला.

पण हेही खरं की मला मागचा भाग जसाच्या तसा कंपनीसारखा करायचा नव्हता. मला तो माझा करायचा होता. बाबांना विचारलं. बाबा कलाभवनचे, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेत शिकलेले, त्यामुळे त्यांचं बोलणं मोजून मापून असतं. म्हणाले, "कर, पण उद्या परत पहिल्यासारखी करता आली पाहिजे." एवढंच. मग मी ठरवलं की फ्रेमला ग्राइंडर लावायचा नाही, जे काय करायचं ते नटबोल्टवर, आणि जुना प्रत्येक पार्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावून माळ्यावर.

ज्यांना कापायचंच आहे त्यांच्यासाठी काकांनी जे समजावलं ते सांगतो, कारण मी बऱ्याच गाड्या चुकीच्या कापलेल्या बघितल्यात. मागच्या दोन पाइपांची लूप फक्त सीट ठेवायला नसते. ती डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकींना बांधून ठेवते. शॉकअपचं वरचं टोक जिथे बसतं तिथे खड्ड्याचा सगळा दणका येतो, दोन माणसं बसली की तो दणका डबल, आणि मागे बांधलेलं काही नसलं की पाइप हळूहळू बाहेर उघडायला लागतात. म्हणून कापायचं तर शॉकअपच्या माउंटच्या बऱ्यापैकी मागे कापायचं, आणि कापल्यावर तिथे अर्धगोल पाइपाची हूप घालून दोन्ही बाजू परत जोडायच्या. नुसतं टोकाला टोक लावून वेल्डिंग करायचं नाही, आतून घट्ट बसणारा दुसरा पाइपाचा तुकडा घालायचा, बाहेरच्या पाइपाला भोकं पाडून त्यातूनही वेल्डिंग भरायचं, मग सांधा. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, रेक्टिफायरचं कनेक्शन काढा. हे नाही केलं तर फ्रेम जोडली जाईल आणि वायरिंगमधलं काहीतरी जळेल.

आता माझं काम. सगळ्यात आधी चिमटा, कारण वरून कितीही सुंदर सीट लावली आणि चिमट्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, असला तर गाडी मागून सापासारखी वळवळते. तपासायची पद्धत सोपी आहे, गाडी डबल स्टँडवर लावायची, एकाने गाडी पुढून धरायची, दुसऱ्याने मागचं चाक मागच्या बाजूने धरून डावीउजवीकडे ढकलायचं. चाकाच्या बेअरिंगचा प्ले वेगळा आणि चिमट्याचा वेगळा, चिमट्याचा असेल तर चाकाबरोबर चिमट्याचे दांडेही हलताना दिसतात, बोट सांध्यावर ठेवलं की कळतं. माझ्यात टकटक असा आवाजच येत होता. चिमटा ज्या पिनवर फिरतो ती पिन काढायला दोन दिवस गेले. डिझेल टाकून ठेवलं, हातोडा मारला, गरम केलं, परत डिझेल, शेवटी निघाली तर एका बाजूने पूर्ण गंजून झिजलेली, आणि तिच्याभोवतीच्या नळ्या, म्हणजे बुशं, अंडाकृती. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, लेथवाल्याकडे गनमेटलची नवीन बुशं बनवली, पिनही नवीन. बाबा स्वतः आले, त्यांचं व्हर्निअर घेऊन, आणि लेथवाल्याच्या शेजारी स्टुलावर बसून राहिले. बुश आत बसवल्यावर थोडं आवळतं, त्यामुळे आतलं भोक बसवल्यानंतर रीमरने फिनिश करायचं, आधी नाही, हे त्यांनी त्या पोराला तीनदा सांगितलं. पोराला ते माहीत होतं तरी तो तीनदा हो काका म्हणाला.

चिमटा बसला, ग्रीस भरलं, वरून सोडला तर स्वतःच्या वजनाने सावकाश खाली येतो, अडकत नाही आणि दाणकन पडतही नाही. तो बघायला मी शेजाऱ्यांनाही बोलावलं होतं.

मागच्या ड्रमचं मला टेन्शन होतं कारण ह्या गाडीत मागचं स्प्रॉकेट आणि ब्रेक ड्रम एकच कास्टिंग असतं, ३८ दात्यांचं. म्हणजे दाते झिजले तरी ड्रम बदला आणि ड्रम झिजला तरी दाते बदला. नशिबाने दाते चांगले होते. ड्रम लेथवर हलका साफ केला, लायनर नवीन, हबमधली कुश रबरं नवीन. ही रबरं लोक विसरतात. इंजिनाचा प्रत्येक ठोका चेनमधून चाकाला जातो तो ही रबरं खातात, ती कडक झाली की पहिला गिअर टाकताना खट्ट असा धक्का बसतो आणि लोक क्लचला दोष देतात.

मग मडगार्ड, आणि इथे मी चुकलो. भंगारवाल्याकडून एक जुना जाड पत्र्याचा मडगार्ड मिळाला, त्यावर प्रयोग करायचा ठरवला. मला मागून टायर जास्तीत जास्त दिसायला हवा होता म्हणून मी तो चांगला वरपर्यंत कापला, मागच्या कडेला गोल शेप दिला, लिप वळवून घेतली, दिसायला इतका सुरेख झाला की काकांनी पण फोटो काढला. जुलैमध्ये पहिल्या पावसात बायकोला घेऊन आजवा रोडला निघालो. घरी येईपर्यंत तिच्या पाठीवर मानेपर्यंत चिखल, ओढणीवर चिखल, नंबर प्लेट वाचता येईना. तिने काही म्हटलं नाही, फक्त ओढणी माझ्यासमोर दोरीवर वाळत घातली.

मी मग बसून विचार केला की हे असं का, तर चाक पुढे जाताना त्याचा मागचा भाग खालून वर जात असतो. टायरवरचं पाणी सुटतं ते त्या क्षणी टायर ज्या दिशेला चाललाय त्या दिशेला. ॲक्सलच्या उंचीला टायरचा मागचा बिंदू सरळ वर चाललेला असतो. त्याच्या वरून सुटलेलं पाणी वर आणि पुढे जातं, म्हणजे थेट मागे बसलेल्याच्या पाठीवर. त्याच्या खालून सुटलेलं पाणी मागे फेकलं जातं. म्हणजे मडगार्डची शेवटची कड ॲक्सलच्या रेषेपर्यंत तरी आली पाहिजे, जमलं तर चार बोटं खाली. माझी कड ॲक्सलच्या सात इंच वर होती. कंपनीचा मडगार्ड एवढा लांब आणि खोल का असतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि मला तो आधी बोजड दिसायचा त्याबद्दल वाईटही वाटलं.

शिवाय दुसरा घोळ. कडेला वळवलेल्या लिपच्या आतून टायर घासत होता. दोघं बसून स्पीडब्रेकरवरून गेलं की घर्र. गाडी रिकामी असताना तीन बोटं गॅप होता म्हणून मला वाटलं भरपूर आहे. तर पद्धत अशी, की मडगार्ड फायनल करायच्या आधी शॉकअपच्या स्प्रिंग काढून नुसते दांडे लावायचे, आणि चाक हाताने वर उचलून शेवटपर्यंत, बंप रबर दाबेपर्यंत न्यायचं. त्या स्थितीत टायर आणि मडगार्डमध्ये निदान बोटभर जागा पाहिजे. टायर फिरताना थोडा फुगतो, चेन ॲडजस्ट करताना चाक पुढेमागे होतं, त्याचीही सोय त्यात धरायची.

दुसरा मडगार्ड मग १८ गेजच्या पत्र्यातून काकांनी नवीन बनवला. मूळ मापाचाच खोल, फक्त मागचा बाहेर वळलेला भाग थोडा कमी आणि कड गोल. आतून फॉस्फेट करून, प्रायमर, त्यावर अंडरकोट. बाहेर काळा. लांबून बघितलं तर कंपनीचाच वाटतो, जवळ आल्यावर कळतं की मागची रेषा चाकाबरोबर गोल जाते, मधेच सरळ होत नाही. मला हवी होती ती टेल मला ह्या एका रेषेत मिळाली, खरं सांगतो.

शॉकअपबद्दल थोडक्यात. मी गॅसवाले घेतले, सेंटर टू सेंटर मूळच्यापेक्षा २० मिमी लांब, कारण मागून गाडी जरा उचललेली दिसावी. महिनाभर चालवले आणि काढले. बुलेटचा व्हीलबेस साधारण १३७० मिमी, मागून दोन सेंटिमीटर उचलली की सगळी फ्रेम जवळजवळ एक अंश पुढे झुकते, पुढच्या फॉर्कचा कोन बदलतो, ट्रेल, म्हणजे पुढचं चाक आपोआप सरळ ठेवणारं अंतर, कमी होतो, आणि जी गाडी हायवेला हात हलका ठेवला तरी सरळ जायची ती सारखी विचारत राहते की कुठे जायचं. वर डबल स्टँडवर मागचं चाक जमिनीला टेकलेलंच राहायला लागलं, म्हणजे पंक्चर काढताना विटा शोधा. मूळ मापाचे, तेलाचेच घेतले परत, फक्त वरची कव्हरं क्रोमऐवजी काळी करून घेतली.

सीट. लांब डबल सीट काढली आणि त्याजागी जुन्या धर्तीची, चालकाला वेगळी स्प्रिंगची सीट आणि मागे वेगळी पिलियनची गादी. जुन्या लष्करी गाड्यांवर असायची तशी. बोल्ट सगळे कंपनीच्याच होलांवर, एक पट्टी बनवून घेतली मध्ये. मागच्या गादीचा बेस सीटवाला प्लायचा करतो म्हणत होता, मी हट्टाने पत्र्याचा करायला लावला, प्लाय पाण्यात फुगतो हे मी एकदा बघून चुकलोय. फोम दोन थरांचा, खाली कडक वर मऊ. नुसता मऊ फोम पाच मिनिटं छान वाटतो आणि वीस किलोमीटरनंतर खालचा पत्रा लागायला लागतो. आणि मागची गादी मी मुद्दाम रुंद केली, डाव्या बाजूला एक इंच जास्त, कारण आई साडीत एका बाजूला बसते, दोन्ही पाय डावीकडे, आणि तशा बसणाऱ्याचं वजन गादीच्या मधोमध नसतंच. सीटवाल्याला वाटलं माझं माप चुकलंय. दोनदा फोन करून विचारलं त्याने. रेक्झिन तपकिरी, शिवण साध्या सरळ रेघांची.

आता साडी गार्ड. कस्टम गाड्यांवर सगळ्यात आधी काढून फेकतात ते हेच, आणि मलाही वाटायचं की हे काय जाळीदार खेळणं. पण बुलेटमध्ये चेन डावीकडे, ड्रम डावीकडे, आणि साडीत बसणारी बाई पाय सोडून बसते तीही डावीकडे. पदर, ओढणी, निऱ्या, सगळं त्या फिरणाऱ्या आऱ्यांच्या आणि चेनच्या वीतभर अंतरावर. हा दागिना नाहीये. सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्सच्या नियम १२३ मध्ये लिहिलंय की मागे बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फुटरेस्ट हवा, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं काहीतरी हवं, कपडे अडकू नयेत म्हणून. मी गार्ड काढला, वाकलेले दांडे सरळ केले, खालची पायपट्टी झिजून गुळगुळीत झाली होती तिथे नवीन चेकर्ड पत्रा लावला, आणि सगळं काळं केलं. चमकत नाही म्हणून नजर तिकडे जात नाही, पण आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हीचा अर्थ असा की कंपनीने ज्या मूळ मापात गाडी दिली त्यात मनाला येईल तसा बदल चालत नाही. आणि आपल्या जुन्या गाड्यांना पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायला न्यावं लागतं. फ्रेम कापलेली, रिफ्लेक्टर नाही, नंबर प्लेट चाकाच्या बाजूला तिरकी, अशी गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करायची तर काय होईल ते आधी डोळ्यासमोर आणा. माझी प्लेट २०० बाय १०० ची हाय सिक्युरिटीवाली, सरळ, मधोमध, मडगार्डवर, तिच्या खाली लाल रिफ्लेक्टर.

टेल लाइटने मला आठवडाभर छळलं. छोटा गोल काचेचा लाइट लावला, मेटल बॉडी, आत साधा दोन पॉइंटचा २१/५ वॅटचा बल्ब. ब्रेक दाबला की कधी लागायचा कधी नाही. स्विच बदलला, वायर बदलली, बल्ब बदलला. आणि मग बाबांनी वरून गॅलरीतून विचारलं, "अर्थ कुठून घेतलीस?" जुन्या गाडीत लाइटची अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, मडगार्डच्या पत्र्यातून, तिथून बोल्टमधून फ्रेमला जाते. माझ्या नवीन मडगार्डला आतून बाहेरून प्रायमर, अंडरकोट, पेंट, सगळ्या बोल्टांखाली रबर वॉशर. करंटला जायला जागाच नाही. एक वेगळी काळी वायर लाइटच्या बॉडीपासून सरळ फ्रेमपर्यंत ओढली, दहा मिनिटांचं काम, तेव्हापासून एकदाही झपकी नाही. पेंट नवीन केलेल्या प्रत्येक जुन्या गाडीला ही वायर टाका, विचार पण करू नका. बल्बच्या दोन पिना वरखाली असतात ते बघून बसवा, जोर लावून उलटा घुसवला तर ब्रेकचा प्रकाश लाइटबरोबर कायम चालू आणि ब्रेक दाबल्यावर लागतो तो फक्त मंद.

सगळं जोडून झाल्यावर चाक सरळ करायचं राहिलं. बुलेटला चेन ॲडजस्ट करायला दोन्ही बाजूंना गोगलगाईसारख्या कॅम असतात, खाचा मोजून दोन्हीकडे सारख्या ठेवायच्या. पण चाळीस वर्षं जुन्या चिमट्यावर खाचांवर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही, सूत धरून बघायचं. बुलेटची एक सोय अशी की पुढचा आणि मागचा टायर एकाच मापाचा, ३.२५ बाय १९, त्यामुळे मागच्या टायरला सूत लावून पुढे नेलं की ते पुढच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकलं पाहिजे. डाव्या बाजूने पण, उजव्या बाजूने पण. घरात सूत कुठलं, तर उत्तरायणची उरलेली फिरकी होती, मांजा नाही, मागचा साधा दोरा. मुलीने एक टोक धरलं, मी दुसरं. उजवीकडे एक खाच कमी करावी लागली.

चेनचा ताण गाडी रिकामी असताना नाही बघायचा. चिमटा वरखाली होताना चेन कधी ढिली कधी ताठ होते. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, चिमट्याची पिन आणि ॲक्सल तिन्ही एका रेषेत आले की सगळ्यात ताठ. म्हणून कोणीतरी वजनदार माणूस वर बसवायचा आणि मग इंचभर ढील बघायची. वर बायको आणि मी दोघं बसलो, खाली वाकून बाबांनी बोटाने चेन वरखाली केली. गुडघे दुखत असताना. मी म्हटलं काकांना बोलावतो, तर म्हणाले गप्प बस, हलू नको.

एक गोष्ट राहिली, ती मी बदलली नाही. मागच्या मडगार्डला दोन्ही बाजूंनी पाइपाची मूठ असते, गाडी स्टँडवर लावताना उचलायला. डाव्या मुठीवर एका जागी, साधारण चार बोटं रुंद, क्रोम पूर्ण गेलंय. खालचं निकेल गेलंय, नुसतं लोखंड, तेही गुळगुळीत. क्रोमवाल्याकडे सगळे पार्ट द्यायला काढले होते तेव्हा ते माझ्या हातात आलं आणि मी बराच वेळ बघत बसलो. १९८४ पासून आई तिथे धरून बसलीये. दांडिया बाजारला मावशीकडे, सुरसागरला, मी लहान असताना मला मांडीवर घेऊन एका हाताने, दवाखान्यात, लग्नांना. उजव्या मुठीवर क्रोम अजून बऱ्यापैकी आहे. मी डावी मूठ क्रोमला दिली नाही. गंज येऊ नये म्हणून तेवढ्या जागेवर पातळ मेण लावतो, दर महिन्याला.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, आईने कुंकू लावलं, आणि मी विचारलं की एक चक्कर मारू या का. आधी नाही म्हणाली. मग चष्मा आत ठेवून आली. डाव्या बाजूने बसली, पाय नवीन पट्टीवर ठेवले, गादी हाताने दाबून बघितली, म्हणाली, "ही इकडे जास्त आहे का रे?" मी म्हटलं हो. मुठीला हात गेला तो न बघताच त्याच जागी गेला. कीर्ती मंदिरापर्यंत जाऊन आलो, तिसऱ्या गिअरच्या वर नाही गेलो.

आता मागचा टायर तेवढा बदलायचाय, बाजूला बारीक चिरा दिसायला लागल्यात. उत्तरायणच्या आधी करून टाकतो, चाक निघेलच तेव्हा लायनर पण बघून घेईन किती झिजलेत.